‘यूएनचा माणूस आमच्या पाड्यावर कसा आणायचा?’

प्रश्न विचारणारे ठाण्यातल्या येऊरच्या एका पाड्यावर संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात. ९ ऑगस्टला ठाण्यात आदिवासी दिनाची मिरवणूक झाली, तारपा वाजला, मग भाषणे झाली. त्यात एक वक्ता म्हणाला की संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी हक्कांचा एक खास प्रतिनिधी असतो, तो देशोदेशी अधिकृत भेट देतो आणि सरकारला जाब विचारतो. तेव्हापासून यांच्या डोक्यात तीन प्रश्न आहेत. तो भारतात यावा म्हणून अर्ज कुठे करायचा? तो आमच्या पाड्यावर येऊ शकेल का? आणि आला, तर आमचे वर्षानुवर्षे पडून असलेले वनहक्क दावे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मिळावा म्हणून केलेले अर्ज, निकाली निघतील का?

आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या-माझ्या अर्जावर तो येत नाही. पाड्यावर येण्याची शक्यता फार कमी. आणि आला तरी दावे त्याच्या हातून सुटणार नाहीत, कारण दाव्यावर सही जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीची लागते, जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाची नाही. पण प्रश्न फुकट गेला असे समजू नका. तुम्हाला माणूस आणायचा नाहीये, तुम्हाला ऐकणारा कान हवा आहे. असे कान एकाहून जास्त आहेत. कोणत्या कानाशी काय बोलायचे आणि हातात काय घेऊन जायचे, हे मी माझ्या अनुभवातून सांगू शकतो. चोवीस वर्षे ठाणे-शहापूर पट्ट्यात वनहक्काच्या आणि वेठबिगारीच्या प्रकरणांचे कागद लावतो आहे. काळा कोट आहे, पण तो वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर निघतो. बाकी सगळे काम फायली आणि झेरॉक्सचे.

हा माणूस कोण, ते आधी. आपली वर्तमानपत्रे कधी त्याला ‘विशेष दूत’ लिहितात, कधी ‘निरीक्षक’. दोन्ही शब्द फसवे आहेत. पद आहे स्पेशल रॅपोर्टर, म्हणजे पाहून, ऐकून अहवाल देणारा. तो कुणाचा दूत नाही, संयुक्त राष्ट्रांचा नोकरही नाही, त्याला पगार नाही. मुदत तीन वर्षांची, फार तर आणखी एकदा तीन वर्षे. आदिवासींच्या हक्कांसाठी हे पद २००१ साली निर्माण झाले. पहिले मेक्सिकोचे रोदोल्फो स्टाव्हेनहागेन, मग अमेरिकेचे जेम्स अनाया, मग फिलिपिन्सच्या व्हिक्टोरिया तौली-कोर्पुझ, मग ग्वाटेमालाचे फ्रान्सिस्को काली त्साय. २०२४च्या अखेरीस काँगोचे अल्बर्ट बारूमे आले. तौली-कोर्पुझ आणि काली त्साय स्वतः आदिवासी समाजातले. एक माणूस, हाताखाली थोडे कर्मचारी आणि सगळे जग. वर्षाला साधारण दोन देशांच्या भेटी होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे बरेच त्यावर अवलंबून आहे.

भेट घडते कशी? रॅपोर्टर त्या देशाच्या सरकारला लिहितो की मला यायचे आहे. सरकारने होकार दिला तरच येतो. होकार देताना काही अटी मान्य कराव्या लागतात: त्याला हवे तिथे फिरता यावे, हव्या त्या माणसाशी सरकारी माणूस मध्ये न बसता बोलता यावे, तुरुंगासारख्या जागा पाहता याव्यात, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या कुणालाही नंतर त्रास होऊ नये. मुक्काम आठ-दहा दिवसांचा, फार तर दोन आठवड्यांचा. सुरुवातीला राजधानीत मंत्रालयांच्या बैठका, मग दोन-तीन ठिकाणी प्रवास, वाड्या-वस्त्यांवरच्या लोकांशी आणि संघटनांशी बोलणे, शेवटच्या दिवशी पत्रकार परिषद. त्या दिवशीच प्राथमिक निवेदन बाहेर येते. पूर्ण अहवाल त्यानंतर काही महिन्यांनी, बहुधा सप्टेंबरच्या अधिवेशनात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेपुढे मांडला जातो. त्याआधी मसुदा सरकारला दाखवतात, चुका सांगायची संधी देतात, आणि सरकारची बाजूही छापतात. त्यातली एकही शिफारस सरकारवर बंधनकारक नसते.

मग भारताचे काय? २०११च्या सप्टेंबरमध्ये भारताने सगळ्या रॅपोर्टरांना कायमचे आमंत्रण दिले. ऐकायला वाटते की दार सताड उघडे आहे. पण ते आमंत्रण आपल्याकडच्या ‘या एकदा घरी’सारखे आहे. मनापासून म्हटलेले असते, पण तारीख ठरल्याशिवाय कुणी चपला काढत नाही, आणि तारीख दर वेळी नव्याने ठरवावी लागते. तरी लोक आले आहेत. २०१२ला न्यायबाह्य हत्यांवरचे क्रिस्तोफ हाइन्स आले, ते पार छत्तीसगडमधल्या जगदलपूरपर्यंत गेले. २०१३ला महिलांवरील हिंसाचारावरच्या रशीदा मंजू, २०१६ला घरांच्या हक्कावरच्या लैलानी फरहा, २०१७ला पाणी-स्वच्छतेवरचे लेओ हेलर. हेलर यांनी दिल्लीत शेवटच्या दिवशी म्हटले की स्वच्छ भारतच्या बोधचिन्हातल्या गांधींच्या चष्म्याला आता मानवी हक्कांची भिंगे लावायची वेळ आली आहे. सरकार भडकले, राष्ट्रपित्याचा अवमान झाला असे जाहीर उत्तर आले. आमंत्रण देणे आणि ऐकून घेणे यांत किती अंतर असते ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

आदिवासी हक्कांचा रॅपोर्टर मात्र पद निर्माण झाल्यापासून अधिकृत भेटीवर भारतात आलेला नाही. नेपाळला गेला, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्राझील, केनियाला गेला, आपल्याकडे नाही. याचे मूळ एका शब्दात आहे. १३ सप्टेंबर २००७ला आदिवासी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मंजूर झाला, १४४ मते बाजूने, ४ विरोधात, ११ तटस्थ. भारताने बाजूने मत दिले. पण सोबत हेही स्पष्ट केले की स्वातंत्र्याच्या वेळी इथे असलेली सगळीच जनता इथली मूळची आहे. म्हणजे जाहीरनामा मान्य, पण तो खास कुणाला लागू होतो हे मान्य नाही. आपल्या संविधानात शब्द आहे ‘अनुसूचित जमाती’, आपण बोलतो ‘आदिवासी’, ते म्हणतात ‘इंडिजिनस’, आणि या तीन शब्दांच्या फटीत भेट अडकून बसते. गंमत म्हणजे ९ ऑगस्ट ही तारीखही तिकडचीच. १९८२ साली त्या दिवशी जिनिव्हात आदिवासींच्या प्रश्नावरच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. आपल्याकडे त्या दिवशी शासकीय कार्यक्रम होतात, पालकमंत्री डोक्याला फेटा बांधून घेतात, आणि शब्दाचा वाद कुणालाच आठवत नाही. तालुक्याच्या पातळीवर तुम्हीही तो उकरू नका. तहसीलदाराला अनुसूचित जमातीचा दाखला कळतो, जाहीरनामा कळत नाही.

उद्या भेट ठरलीच तर ती येऊरपर्यंत येईल का? देश केवढा! दहा दिवस, त्यात दिल्ली, मग बहुधा झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, ईशान्येतले एखादे राज्य. मुंबई विमानतळ आहे म्हणून एक दुपार मिळाली तर मिळाली. त्या दुपारी नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतचे लोक एका सभागृहात बसलेले असतात.

अशा एका दुपारी मी होतो. विषय आदिवासींचा नव्हता, दुसऱ्या एका हक्काच्या रॅपोर्टर बाई आल्या होत्या. कोण, कधी हे सांगत नाही, कारण चूक आमची होती आणि नाव त्यांचे निघायला नको. आमच्या गटाच्या वाट्याला सात मिनिटे आली. आम्ही शहापूर बाजूच्या एका पाड्यावरून एका आजींना आणले होते. पहाटे कसाऱ्याहून लोकल, दादरला उतरून टॅक्सी. निवेदन मी इंग्रजीत लिहून ठेवले होते, बारा पानांचे, तळटीपांसह. आजींनी त्याकडे पाहिलेही नाही. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या बोलीत म्हणाल्या की आमचा प्लॉट एकसाली आहे, सासऱ्याच्या वेळचा, आणि आता साहेब म्हणतो तुझे काही नाही.

दुभाषी मुलगी मुंबईची, हुशार, मराठी उत्तम. पण ‘एकसाली’ तिने कधी ऐकले नव्हते. आपल्या भागात वनखात्याची जमीन वर्षावर्षाच्या कराराने कसायला देत, ते प्लॉट एकसाली. करार दर साली नवा, कसणारे घर तेच, दोन-दोन पिढ्या. तिने त्याचे भाषांतर केले, ‘या एक वर्षापासून ही जमीन कसत आहेत.’ समोर बसलेल्या रॅपोर्टर बाईंनी मान हलवली, वहीत ओळ लिहिली आणि विचारले, त्याआधी तुम्ही कुठे राहत होता? आजी गोंधळल्या. म्हणाल्या, इथंच. मी हात वर करून दुरुस्ती करेपर्यंत घंटा वाजली होती. माझी बारा पाने टेबलावर इतर शे-सव्वाशे पानांच्या खाली गेली.

परतताना कल्याण सुटल्यावर आजींनी कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढली. आत वनखात्याच्या दंडाच्या पावत्या, घडीवर फाटलेल्या, शाई तपकिरी झालेली. सर्वांत जुनी १९७४ची, सासऱ्याच्या नावावर, दंड अडीच रुपये. अतिक्रमण केले म्हणून दंड. म्हणजे त्या साली तो माणूस त्या जमिनीवर होता, हे खात्याने स्वतः लिहून दिलेले. ती पावती मी सकाळी मागितली असती आणि त्या बाईंच्या हातात एवढी एकच दिली असती, तर दुभाष्याची गरजच नव्हती. मी बारा पाने लिहीत बसलो होतो.

तेव्हापासून माझा नियम: मोठ्या माणसापुढे जाताना एक पान आणि एक मूळ पुरावा. आणि आदल्या दिवशी दुभाष्याबरोबर अर्धा तास. दळी (डोंगरउतारावर कसायला दिलेली वनजमीन), वरकस (हलकी डोंगराळ जमीन), एकसाली, खावटी (पोटापुरते धान्य-कर्ज), बयाणा हे शब्द त्याला समजावून सांगायचे. वीटभट्टीवरच्या कातकऱ्याच्या बयाण्याला नुसते ‘आगाऊ पैसे’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटते चांगलेच आहे की, पगार आधी मिळतो! त्या पैशाच्या बदल्यात सबंध कुटुंब पावसाळ्यापर्यंत भट्टीवर बांधले जाते, हे शब्दात येत नाही, सांगावे लागते.

आता कुणी म्हणेल, मग या भेटींचा उपयोग काय? उपयोग असतो, पण तो बघायला धीर लागतो. अनाया २००९मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे नॉर्दर्न टेरिटरीत आदिवासींवर सक्तीच्या उपाययोजना लादताना वंशभेदविरोधी कायदाच बाजूला ठेवला होता. त्यांनी तोंडावर सांगितले की हा उघड भेदभाव आहे. पुढच्या वर्षी संसदेने तो कायदा पुन्हा लागू करण्याची तरतूद केली. २०१३मध्ये ते कॅनडाला गेले, बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांची राष्ट्रीय चौकशी करा म्हणाले. तेव्हाच्या सरकारने नकार दिला. २०१५ला सरकार बदलले आणि चौकशी जाहीर झाली. हे अनायांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. त्या बायकांच्या आया-बहिणी कितीतरी वर्षे रस्त्यावर होत्या, नावे-तारखांच्या याद्या त्यांनी तयार ठेवल्या होत्या. बाहेरच्या माणसाने ते अधिकृत कागदावर लिहिले, एवढेच. पण ‘एवढेच’ सुद्धा कधी कधी पुरते. आणि उलटेही घडते. २०१८मध्ये फिलिपिन्स सरकारने दहशतवादी म्हणून सहाशेवर नावांची यादी न्यायालयात दिली, त्यात खुद्द तौली-कोर्पुझ यांचे नाव होते! पुढे न्यायालयाने ते वगळले. रॅपोर्टरची ही गत, तर त्याच्याशी बोलणाऱ्या पाड्यावरच्या माणसाची काय होईल, हा प्रश्न मी दर वेळी आधी विचारतो.

भेटीची वाट न पाहताही त्या कार्यालयापर्यंत जाता येते. याला ते कम्युनिकेशन म्हणतात, आपण तक्रारीचे पत्र म्हणू. ऑनलाइन अर्ज असतो. कुणाच्या बाबतीत, काय, कुठे, कोणत्या तारखेला, कुणी केले, इथे कुठे दाद मागितली, हे लिहायचे. इथले सगळे न्यायालयीन मार्ग संपवले पाहिजेत अशी अट नाही. पटले तर रॅपोर्टर, अनेकदा दोन-तीन विषयांचे मिळून, सरकारला पत्र लिहितात. उत्तराला साधारण ६० दिवस. मग पत्र आणि उत्तर दोन्ही जाहीर होतात. ओडिशातल्या पॉस्को या कोरियन कंपनीच्या पोलाद प्रकल्पाबद्दल २०१३मध्ये आठ तज्ज्ञांनी मिळून आवाज उठवला तेव्हा कुणी भारतात आले नव्हते.

पण इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. माहिती देणाऱ्याचे नाव ते सरकारला सांगत नाहीत, मात्र ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव पत्रात जाते. ते जायला नको असेल तर जाहीर अहवालातून वगळायची विनंती करता येते, पण सरकारला कळतेच. म्हणून त्या माणसाची संमती लागते, आणि ती खरी असली पाहिजे. ‘काका, सही करा, यूएनला पाठवतोय’ ही संमती नव्हे. त्याच्या बोलीत, त्याच्या घरच्यांसमोर सांगा की हे पत्र दिल्लीला जाईल, तिथून मुंबईला, तिथून कदाचित तुमच्या फॉरेस्टच्या साहेबापर्यंत. मग दोन दिवस विचार करायला द्या. मी असे सांगितल्यावर निम्म्याहून जास्त लोक नको म्हणाले आहेत. त्यांचे बरोबर होते. रात्री लाकडे आणायला त्याच जंगलात त्यांनाच जायचे असते.

तुमच्या बाबतीत पत्र लिहावे का? परिस्थितीवर आहे. दावे नुसते पडून असतील, तर माझ्या मते नाही. वर्षाला दोन देश आणि जगभरची पत्रे, त्यात ‘ठाण्यात फाईल अडली’ हे वाहून जाईल. पण दावा तपासलाच नाही आणि घर पाडायची नोटीस आली, किंवा पाडले, किंवा कुणाला मारहाण झाली, तर लिहा, आणि त्याच आठवड्यात लिहा. वनहक्क कायद्याचे कलम ४(५) स्पष्ट आहे: दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत हटवता येत नाही. राष्ट्रीय उद्यानातली जमीनही कायद्याच्या व्याख्येत ‘वनजमीन’च आहे. बोरिवलीचे उद्यान असो की येऊर, ‘नॅशनल पार्कात हा कायदा लागत नाही’ हे वाक्य कुणी तोंडी सांगितले तर लेखी मागा. लेखी कुणी देत नाही.

आता मला ज्या भेटींबद्दल खरे बोलायचे आहे त्यांच्याकडे येतो. रॅपोर्टर येवो न येवो, आपल्याकडे अधिकृत भेटी सतत चालू असतात. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग आहे, संविधानाच्या कलम ३३८अ खालचा, चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार असलेला. विधिमंडळाची अनुसूचित जमाती कल्याण समिती जिल्ह्यांचे दौरे करते. मानवी हक्क आयोग दिल्लीत आहे, राज्याचा मुंबईत. राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल राष्ट्रपतींना पाठवायचा असतो, तो पाचव्या अनुसूचीतच लिहिलेला आहे. यांच्या भेटी शहापूरला होतात, जव्हारला होतात, आणि रॅपोर्टरच्या शिफारशीपेक्षा यांच्या शेऱ्याला आदिवासी विकास खात्याचा प्रकल्प अधिकारी जास्त घाबरतो. अडचण एवढीच की या भेटी सजवलेल्या असतात.

एका आश्रमशाळेतली गोष्ट. नाव नको. समितीचा दौरा मंगळवारी होता. मी दुसऱ्याच कामाला सोमवारी संध्याकाळी तिथे पोचलो. मुलींच्या खोलीत नव्या चादरी अंथरलेल्या, दुकानातल्या घड्यांच्या रेघा अजून त्यावर होत्या. मी एकीला म्हटले, वा, चादरी आल्या का! ती म्हणाली, ‘उद्याच्याला हायत. पाहुनं गेलं का गोला करनार.’ मंगळवारी समितीने चादरी पाहिल्या, आमटीत डाळ पाहिली, शेरा उत्तम मारला. पुढच्या बुधवारी मी मुद्दाम पुन्हा गेलो. लोखंडी खाटांवर नुसते पत्रे. मी त्या दिवशीची तारीख, खाटांची संख्या, चादरी शून्य, असे चार ओळींत लिहिले, खाली दोन पालकांच्या सह्या घेतल्या, आणि ते पान समितीच्या सचिवालयाला रजिस्टरने पाठवले. आरोप एकही केला नाही. फक्त लिहिले की आपण मंगळवारी पाहिलेल्या चादरी आठ दिवसांनी नव्हत्या. महिनाभरात मला फोन आला, चादरींबद्दल नव्हे, ‘तुम्ही आमच्या मागून का जाता’ असा! पण चादरी आल्या, आणि या वेळी राहिल्या.

भेटीवर लक्ष ठेवणे म्हणतात ते हेच. भेट एका दिवसाची असते. तिच्या आदल्या दिवशी काय होते आणि आठवड्याने काय उरले, हे ज्याच्याकडे तारखेनिशी असेल त्याचे म्हणणे टिकते. रॅपोर्टरही येण्याआधी स्थानिक लोकांकडून माहिती मागवतो, तेव्हा त्याला भाषणे नको असतात, अशा नोंदी हव्या असतात. मुंबईला पाणी पाजणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे आपल्याच पट्ट्यात, आणि एप्रिल-मेमध्ये शहापूरच्या पाड्यांवर टँकर. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ते कुणी लिहून ठेवत नाही. टँकर कोणत्या तारखेला आला, किती हंडे मिळाले, विहिरीचा तळ कधी दिसला, एवढे एका वहीत एक उन्हाळा लिहिले तर ती वही कोणत्याही आयोगापुढे उभी राहते.

तर आतापर्यंतचे थोडक्यात: रॅपोर्टर सरकारच्या होकारावर येतो, आपल्याकडे या विषयाचा आलेला नाही, पत्राने त्याच्यापर्यंत जाता येते पण ते तातडीच्या आणि गंभीर गोष्टीसाठी राखून ठेवा, आणि देशातल्या भेटी आधी वापरायला शिका.

आता तुमच्या पाड्याबद्दल नेमके. येऊर ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे, पण अनुसूचित क्षेत्रात नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, भिवंडी-मुरबाडची काही गावे येतात, तुम्ही नाही. म्हणून पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा, तुम्हाला लागू नाही. २०२०च्या मे महिन्यात राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीविरुद्ध विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली, ती अनुसूचित क्षेत्रापुरती. शहापूरचे लोक बेलापूरला कोकण भवनात त्या सुनावणीला जातात, तुम्हाला तो दरवाजा नाही. तुमच्यासाठी जिल्हा समितीनंतर थेट उच्च न्यायालय. पण वनहक्क कायदा मात्र तुम्हाला पूर्ण लागू आहे, कारण तो अनुसूचित क्षेत्रावर नाही, वनजमीन आणि १३ डिसेंबर २००५च्या आधीपासूनच्या वहिवाटीवर उभा आहे. शहरी हद्दीत ग्रामसभा कुणाची, वनहक्क समिती कुणी नेमायची, यावरच बहुतेक फायली अडतात. तुमचीही तिथेच अडली असावी असा माझा अंदाज.

म्हणून पहिले काम, दावा नेमका कोणत्या पायरीवर आहे ते शोधा. ‘पेंडिंग आहे’ हे उत्तर नव्हे. ग्रामसभेत, उपविभागीय समितीकडे, की जिल्हा समितीकडे, ते माहिती अधिकारात विचारा. फेटाळला असेल तर कारणासह लेखी कळवणे नियमानेच बंधनकारक आहे. तसे पत्र मिळालेले नसेल तर अपिलाची ६० दिवसांची मुदत गेली असे घाबरून बसू नका, पत्रच आलेले नाही हे आधी नोंदवा. दुसरे, पाड्यावर दावेदार नसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. नियमांत तो पुरावा धरला आहे, आणि दर पावसाळ्याला हा पुरावा एकेक करून कमी होतो. जबाबात ‘पूर्वापार’ लिहू नका. कोणत्या वर्षी कोणते झाड लावले, कुणाचे लग्न त्या अंगणात झाले, वाघरू कधी आले, असे लिहा. कातकरी घरे असतील तर ती वेगळी लिहा, कारण कातकरी विशेष असुरक्षित आदिम गटात आहेत आणि त्यांच्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे.

एक वही घाला आणि ती मुलांच्या अभ्यासवर्गात ठेवू नका, तिथे ती चित्रांनी भरते. माझी एक तशीच गेली.

आयोगाचा दौरा कधी जाहीर झाला तर वेळ मागताना पाच पाडे मिळून एकच अर्ज द्या. पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा असे वेगवेगळे गेलात तर प्रत्येकाला दोन मिनिटे आणि एक नमस्कार मिळतो. बोलायला बाई असू दे, पण तिला भाषण पाठ करून देऊ नका, ते माझ्याकडून एकदा झाले आहे.

आत्ता उत्तर द्यायचेच असेल तर मला एवढे कळवा: पाड्यावर कुणाकडे दंडाची पावती आहे का, आणि सर्वांत जुनी कोणत्या सालची. ट्रंकेत बघा, देवाच्या फोटोमागे बघा, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये बघा. साल वाचता येत नसेल तर उजेडात तिरपा धरून फोटो काढा. पाठवताना पावतीवरचे नाव झाका, साल तेवढे दिसू दे.